कासवाचं आजचं वजन

कासव पाण्यात ठेवायचं, हे आमच्या घरी कुणी ठरवलं नाही. ते सगळ्यांना माहीतच होतं.

कासव आणलं माझ्या मेहुण्यानं. दिवाळीच्या आठवड्यात एका बुटाच्या खोक्यातून. काळी पाठ, तिच्यावर टेंगळासारखे उंचवटे आणि प्रत्येक उंचवट्यावरून खाली उतरणाऱ्या पिवळ्या रेघा. वरून पाहिलं की पाठभर चांदण्या काढल्यासारख्या दिसायच्या. मेहुणा जमिनीचे व्यवहार करतो. त्याला कुणीतरी ते भेट दिलं होतं आणि वाकडच्या बाविसाव्या मजल्यावरच्या त्याच्या घरात त्याच्या बायकोला ते नको होतं. मला म्हणाला, "दाजी, वास्तूला एकदम चांगलं असतं. उत्तरेच्या कोपऱ्यात, पाण्यात ठेवायचं. आबांनापण सोबत होईल."

आबा म्हणजे माझे सासरे. मी त्यांना मामा म्हणतो. पिंपळे गुरवातलं जुनं घराणं. आमची सोसायटी उभी आहे ती त्यांच्याच वावरात. सासूबाई गेल्यावर ते चार महिने मुलाकडे वाकडला राहिले, पण बाविसाव्या मजल्यावर त्यांना झोप लागेना. मग आमच्याकडे आले. "आपल्या जमिनीवर ऱ्हातो," म्हणाले, "दुसऱ्या मजल्यावर का व्हईना." त्याला आता तीन वर्षं झाली.

मामांनी कासव हातात घेतलं, उलटं करून पाहिलं, सरळ केलं आणि म्हणाले, "आमच्या हिरीत व्हतं. याच्यापरीस मोठं." आमच्या पार्किंगमध्ये पाहुण्यांच्या गाड्यांसाठी पिवळे पट्टे मारलेली जागा आहे, तिथे ती विहीर होती. पाणी स्वच्छ राहावं म्हणून विहिरीत कासव सोडायची त्यांच्याकडे रीत होती. तेव्हापासून कासवाच्या बाबतीत घरात मामांचा शब्द शेवटचा झाला. दुसरं कुणी कधी कासव पाळलेलंच नव्हतं.

मी सत्तर लिटरचा टब आणला. मोबाइलमधल्या होकायंत्रावर उत्तर दिशा पाहिली आणि मुलीच्या खोलीत त्या कोपऱ्यात टब ठेवला. मुलगी शिकायला बाहेरगावी असते, खोली रिकामीच होती. टबात चौदा सेंटीमीटर पाणी आणि मधोमध एक वीट. वजन रोज सकाळी स्वयंपाकघरातल्या काट्यावर करायचं आणि वहीत लिहायचं, असं मी ठरवलं. वजन का लिहायचं, हे बायकोनं विचारलं तेव्हा मला नीट सांगता आलं नाही. मी चाकणच्या एका कारखान्यात गुणवत्ता विभागात आहे. गाड्यांचे सुटे भाग मोजणं हे माझं बावीस वर्षांचं काम. घरात एखादी वस्तू आली की मी ती आधी मोजतो. कासवाची लांबी, रुंदी, उंची मी व्हर्नियरनं मोजली. लांबी एकशे चौऱ्याऐंशी मिलीमीटर. पाय मात्र पाहिले नाहीत. म्हणजे दिसले, पाहिले नाहीत.

ते सारखं विटेवर चढायचं. चढताना घसरायचं, पाण्यात पडायचं, पुन्हा चढायचं. मामा टबाशेजारी स्टुलावर बसून बघत राहायचे. आम्हाला वाटायचं, खेळतंय.

पहिल्या तीन आठवड्यांत वजन बाराशे सव्वीस ग्रॅमवरून बाराशे एक्केचाळीसवर गेलं. मी मामांना आकडा सांगायचो. त्यांना ते आवडलं असावं, कारण मग सकाळी चहाचा कप खाली ठेवताना तेच विचारायला लागले, "पाव्हणं, आज किती?"

डिसेंबर लागला तसा आकडा उतरायला लागला. थंडी आहे, खाणं कमी झालं असेल, असं मी धरून चाललो. मग एक दिवस ते मान लांब करून, तोंड उघडून श्वास घेताना दिसलं. प्रत्येक श्वासाबरोबर बारीक शिटीसारखा आवाज येत होता आणि नाकाशी बुडबुडा धरत होता. पाण्यात ते एका बाजूला कललं होतं. एका कुशीवर झोपल्यासारखं.

पशुवैद्य शोधायला दोन दिवस गेले. कुत्र्या-मांजरांचे पुष्कळ होते. कासव म्हटल्यावर पहिल्या दोघांनी नाही म्हणून सांगितलं. तिसऱ्या होत्या त्या तरुण बाई, बाणेरच्या बाजूला. त्यांनी कासव टेबलावर ठेवलं, छातीशी नळी लावून ऐकलं आणि विचारलं, "ठेवलंय कशात?"

मी टबाचं माप, पाण्याची उंची, पाणी किती दिवसांनी बदलतो, सगळं सांगितलं. त्या ऐकत राहिल्या. मग त्यांनी कासवाचा मागचा पाय हळूच बाहेर ओढला आणि माझ्याकडे वळवला. "काका, हा पाय बघा. बोटांमध्ये पडदा आहे का? हत्तीसारखा आहे ना गोल? हे पाण्यातलं नाहीये. हे माळावरचं आहे. हे पाच आठवडे जीव वाचवत होतं."

मी म्हणालो, पण कासव तर…

त्या म्हणाल्या, रागाने नव्हे, की आपल्याकडे दोन्हींना एकच शब्द आहे, त्यामुळे असं आलेलं हे पहिलं नाही. मग त्यांनी आजार सांगितला: न्यूमोनिया. उपचार सांगितले: दर बहात्तर तासांनी एक, अशी सात इंजेक्शनं, अंग उबदार, तीस अंशांच्या आसपास, अंगाला ओल नाही. रोज फक्त दहा मिनिटं बशीभर कोमट पाण्यात, तेही हाताने धरून, पोटात पाणी जावं म्हणून. शेवटी आवाज जरा खाली आणून त्यांनी सांगितलं की हे चांदण्यांचं कासव घरात ठेवणं कायद्याने गुन्हा आहे, बरं झालं की ते वनखात्याकडे द्यावं लागेल.

मी पिवळा दिवा लागला की गाडी थांबवणारा माणूस आहे. दुसऱ्या दिवशी चहाच्या सुट्टीत मी वनखात्याच्या कार्यालयात फोन केला. त्यांनी नाव-पत्ता लिहून घेतला आणि प्रवास झेपेल इतकं बरं होईपर्यंत तिथेच उपचार चालू ठेवा, डॉक्टरांचे कागद जपून ठेवा, मग आमची माणसं येतील, असं सांगितलं. हे मेहुण्याला कळलं तेव्हा तो म्हणाला, "दाजी, तुम्ही म्हणजे कमालच आहात राव. चोर स्वतःच चौकीत जातो का कधी? मला सांगायचं, मी कुठंतरी देऊन टाकलं असतं." मी म्हणालो, असंच कुठंतरी दिलेलं ते आमच्याकडे आलं होतं. त्यानंतर त्याचा फोन बरेच दिवस आला नाही.

मामांना सांगणं हे जास्त अवघड होतं. डॉक्टर काय म्हणाल्या ते मी जसंच्या तसं सांगितलं, फक्त 'जीव वाचवत होतं' हे गाळलं. मामांनी ऐकून घेतलं. मान हलवली. म्हणाले, "त्या पोरीनं हीर बगितलीय का कदी?"

टब निघाला आणि खोकं आलं. कारखान्यातलं भंगारात निघालेलं मोठं पुठ्ठ्याचं खोकं मी रीतसर गेटपास करून घरी आणलं. तळाला वर्तमानपत्रं, वर साठ वॉटचा दिवा, आत दोन तापमापक, एक दिव्याखाली आणि एक दूरच्या कोपऱ्यात. इंजेक्शन कसं द्यायचं ते डॉक्टरांनी मला दोनदा करून दाखवलं. दर वेळच्या नेण्या-आणण्याचा ताण नको म्हणून तिसऱ्यापासून घरीच द्यायचं ठरलं. बायको कासव धरायची, मी पुढचा पाय ओढून काढायचो. कासव पाय आत घेतं तेव्हा त्याच्या ताकदीची कल्पना येते. सव्वा किलोच्या आतलं आजारी जनावर आणि मी, दोघं एका पायासाठी ओढाताण करायचो. ते ओरडत नाही. कासवाला आवाज नाही. कळ किती लागली हे कशावरून धरायचं, ते मला शेवटपर्यंत समजलं नाही.

पहिलं इंजेक्शन सोमवारी संध्याकाळी साडेसहाला झालं, म्हणून बाकीची सगळी साडेसहालाच. तिसरं झालं रविवारी. त्या रात्रीपासून की दुसऱ्या सकाळपासून सांगता येणार नाही, पण कासव बदललं. श्वासातली शिटी कमी झाली आणि त्यानं चालायला सुरुवात केली.

आधी खोक्यात. पुठ्ठ्याच्या भिंतीवर पुढचे दोन्ही पाय टेकवून उभं राहायचं आणि मागे पडायचं. दोनदा ते पाठीवर उलटं सापडलं, पाय हवेत चालवत. उलटं पडलं की फुप्फुसांवर आतड्यांचं वजन येतं, हे मी वाचलं होतं, म्हणून खोकं बंद केलं आणि अख्खी खोली त्याला दिली. फरशी गार म्हणून तिच्यावर गोणपाटं अंथरली. दिवा स्टँडला बांधून खाली आणला. मग ते भिंतीच्या कडेकडेनं चालायला लागलं.

आमची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. त्या गुरुवारी मी खोलीत खुर्ची टाकून बसलो आणि मोजलं. खोलीची एक फेरी साडेअकरा मीटरच्या वर थोडी. एका फेरीला सरासरी साडेसहा मिनिटं. दिवसभरात एक्केचाळीस फेऱ्या. म्हणजे जवळजवळ पावणेपाचशे मीटर. दिव्याच्या उबेत ते थांबायचं नाही. पालकाची, जास्वंदीची पानं तुडवून जायचं. बाल्कनीच्या काचेशी पोचलं की नाक टेकवून पाय चालवत राहायचं, पुढे न सरकता, दोन-तीन मिनिटं. काच म्हणजे काय हे त्याला कळणार नव्हतं. डॉक्टरांनी सांगितलं म्हणून खालच्या अर्ध्या काचेला मी वर्तमानपत्र चिकटवलं. मग ते दाराच्या फटीशी तेच करायला लागलं. त्याच्या नाकाचा शेंडा सोलून निघाला. भिंतीच्या रंगावर फरशीपासून चार बोटांवर एक काळपट पट्टा उमटत गेला.

मी डॉक्टरांना फोन करून विचारलं की हे काय चाललंय. त्या म्हणाल्या, तरतरी आली की ही जात चालतेच, चांगलं लक्षण आहे. मी विचारलं, पण चालून त्याला जायचं कुठे असतं? त्या म्हणाल्या, "काका, ते मलाही माहीत नाही."

मामांना माहीत होतं. त्यांनी ते मला त्याच गुरुवारी सांगितलं होतं, मी फेऱ्या लिहीत असताना, दारात उभं राहून.

"पानी शोधतंय ते."

मी म्हणालो, "मामा, ते जमिनीवरचं आहे."

"व्हय. तुमी म्हंता तसं असंल. पन फिरतंय कशापायी मग? ज्याला पायजे ते घावलं, ते कशाला फिरंल?"

मी पुन्हा पायाची गोष्ट सांगितली, पडद्याची, हत्तीची. त्यांनी ऐकलं. आमच्यात भांडण कधीच झालं नाही. ते जावयाला कधी उलट शब्द बोलले नाहीत आणि मी त्यांना. तीच चूक झाली असं मला आता वाटतं. मी बायकोला सांगायला हवं होतं की आबांशी तू बोल. मुलगी बापाला जे सांगू शकते ते जावई सांगू शकत नाही. मी सांगितलं नाही. मी आकडे लिहिले.

पाचवं इंजेक्शन शनिवारी झालं. मंगळवारी सकाळी वजन अकराशे ब्याण्णव होतं, म्हणजे सर्वांत खाली गेलं होतं त्यापेक्षा चोवीस ग्रॅम जास्त. संध्याकाळी सहावं द्यायचं होतं. मामांनी विचारलं, मी आकडा सांगितला आणि कंपनीच्या बसला गेलो.

आमच्या मोजमापाच्या खोलीत मोबाइल नेता येत नाही, लॉकरमध्ये ठेवावा लागतो. दोनला बाहेर आलो तेव्हा बायकोचे पाच मिस्ड कॉल होते. ती शाळेत शिकवते, दीडला घरी येते. त्या दिवशी आली तर खोली रिकामी. न्हाणीघराचं दार उघडं. आत मामा स्टुलावर बसलेले आणि समोर कपड्यांच्या मोठ्या बादलीत कासव. त्यांनी गिझरचं पाणी घेतलं होतं, कोमट करून, हात घालून पाहून. थंड पाण्याने त्याला बाधेल एवढं त्यांनी माझ्या बोलण्यातून उचललं होतं. वाटेत त्यांनी दिवापण आठवणीने बंद केला होता.

बायकोला पाहून त्यांनी तोंडावर बोट ठेवलं आणि हळू आवाजात म्हणाले, "बघ बाय. कसं शांत झालंय."

ते तळाशी होतं.

तिनं ते उचललं, डोकं खाली करून धरलं, पाणी काढलं, तशीच टॉवेलमध्ये गुंडाळून रिक्षात बसली. हे सगळं मला फोनवर कळलं ते ती डॉक्टरांकडे पोचल्यावर. श्वास आहे, एवढंच म्हणाली.

मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून निघालो. चाकणच्या चौकात ट्रेलर आडवा अडकलेला होता. ज्या गाडीत मला जागा मिळाली ती चाळीस मिनिटं एकाच पेट्रोल पंपासमोर होती. मोशीपर्यंत सव्वा तास. शेजारचा माणूस मला म्हणाला, "भाऊ, सारखं घड्याळ बघून गाडी हलत नसते." मी घड्याळ बघायचं बंद केलं. पण मग मनातल्या मनात मोजायला लागलो, बायकोचा फोन येऊन किती मिनिटं झाली, पाण्यात ते किती वेळ असावं. मामा जेवून साडेबाराला उठले असतील. बादली भरायला दहा मिनिटं. म्हणजे पंचेचाळीस मिनिटं, कदाचित पन्नास. हा आकडा मला कुणी विचारला नव्हता आणि त्याचा कुणाला उपयोग नव्हता.

नाशिक फाट्याला उतरून घरी पोचलो तेव्हा बायको परत आलेली होती. कासव खोक्यात दिव्याखाली, मान बाहेर टाकलेली. डॉक्टरांनी सांगितलं होतं ते तिनं मला सांगितलं: इंजेक्शनं पहिल्यापासून, वाफ दिवसातून दोनदा, आणि वाट बघायची. पुन्हा चालायला लागलं तर कळवा. तोपर्यंत काही सांगता येत नाही.

मी वजन केलं. बाराशे एकतीस. सकाळपेक्षा एकोणचाळीस ग्रॅम जास्त, महिनाभरातला सर्वांत चांगला आकडा. तो सगळा पाण्याचा होता. वहीत लिहिला, शेजारी फुली मारली.

मामा हॉलमध्ये बसले होते. टीव्ही बंद. मी काय बोलणार होतो ते ठरवत होतो, तेवढ्यात तेच बोलले, माझ्याकडे न बघता.

हीर बुजवायचा दिवस ठरला होता, म्हणाले, सोमवार. त्यांनी बिल्डरच्या माणसाला बजावून सांगितलं होतं की आधी कासव काढायचं आहे, मुरूम टाकायच्या आत मला हाक मारा. डंपर आले रविवारी. मामा आळंदीला लग्नाला गेले होते. संध्याकाळी आले तर काठापर्यंत मुरूम भरलेला आणि वर रोलर फिरत होता.

"त्याला पानी मिळालं न्हाई पाव्हणं," ते म्हणाले. "म्हनून याला दिलं."

बायको स्वयंपाकघरात होती, तिनं ऐकलं. ही गोष्ट तिलाही माहीत नव्हती. पार्किंगमध्ये त्या पिवळ्या पट्ट्यांवर आम्ही सतरा वर्षं पाहुण्यांच्या गाड्या लावत आलो होतो. विहिरीतलं कासव कदाचित आधीच मेलं असेल, कदाचित गाळात आणखी जगलं असेल, असं काहीतरी मी म्हणालो. मुरूम किती होता, किती दाबला होता, हे मला माहीत नव्हतं आणि नव्हतं तेच बरं होतं.

त्यानंतर अकरा दिवस ते चाललं नाही. आधी ते थांबत नाही याची मला काळजी वाटायची. आता खोलीचं दार उघडून मी दर वेळी तोच आवाज ऐकायला थांबायचो, नखांचा भिंतीवर येणारा. यायचा नाही. पोटातलं पाणी निघून गेल्यावरही वजन रोज सात-आठ ग्रॅमनी उतरत होतं. अकराशे चाळीस. अकराशे बावीस. अकराशे नऊ. मामा रोज सकाळी विचारायचे आणि मी खरं सांगायचो. ते कप तसाच ठेवून द्यायचे. एकदा बायको म्हणाली, "अहो, निदान त्यांना तरी…" मी म्हणालो, आकडा तो आकडा. मला दुसरं येत नाही.

ते खरंच आहे. आमच्याकडे बाहेरच्या छोट्या वर्कशॉपमधून माल येतो, बरोबर मोजमापांचा तक्ता येतो. खोटा तक्ता मी दुरून ओळखतो. खरी मापं जराशी वर-खाली होतात, एखादं मधूनच चुकतं. घरी बसून भरलेली मापं सुरेख असतात. एका रेषेत चढतात किंवा मधोमध बसून राहतात. अशा तक्त्यावर मी कितीतरी माल परत पाठवला आहे.

बाराव्या दिवशी सकाळी साडेपाचला, बसच्या आधी, दिवा बघायला गेलो तर खोकं रिकामं होतं. ते आडवं पाडून कासव बाहेर आलं होतं आणि बाल्कनीच्या दाराशी, वर्तमानपत्राला नाक लावून, पाय चालवत होतं. मी मामांना उठवलं. ते आले, दारात उभे राहिले. "फिरतंय," ते म्हणाले. त्याला काय हवं होतं ते अजूनही आम्हाला माहीत नव्हतं.

वनखात्याचे लोक फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आले, एक बाई आणि एक गृहस्थ, भोकं पाडलेला प्लास्टिकचा पेटारा घेऊन. त्या सकाळी वजन अकराशे चौऱ्याहत्तर. मी तीन पानी नोंद तयार ठेवली होती: तारीख, वजन, तापमान, औषध, शेरा. बाईंनी ती घेतली, चांगलं केलंत म्हणाल्या, घडी घालून पेटाऱ्याखाली ठेवली. त्या बादलीच्या मंगळवारची नोंदही मी लपवली नव्हती. त्यांनी ती तिथे वाचली नाही.

मामांनी त्यांना एकच गोष्ट विचारली. "तितं हीर हाय का?"

"नाही आजोबा. मोकळी जमीन आहे. माळ."

"किती?"

बाई जरा गोंधळल्या. "असेल दोन-तीन एकर."

मामांनी मान हलवली. "एवढ्याशा जीवाला लई झाली," म्हणाले.

पेटारा जिन्यावरून उतरताना आतून पाय चालल्याचा आवाज येत होता. तो पार्किंगपर्यंत ऐकू आला.

आठ दिवसांनी मी, कासव नेलं होतं त्या वनखात्याच्या केंद्रावर फोन केला. फोन घेणाऱ्या बाई नीट बोलल्या. आता वेगळं ठेवलेलं नाही, बाकीच्यांबरोबर सोडलंय, म्हणाल्या. नुकतीच एकाच वेळी खूप आली आहेत. रोजचं वजन इथे कुणाचंच करत नाहीत. तुमचं नेमकं कुठलं ते बघावं लागेल. मी लांबी सांगितली, एकशे चौऱ्याऐंशी मिलीमीटर. त्या म्हणाल्या, बरं, लिहून ठेवते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामांनी कप खाली ठेवला. मी फोन केला हे बायकोकडून त्यांना कळलं होतं.

"पाव्हणं, आज किती?"

कासव गेल्यापासून त्यांनी पहिल्यांदाच विचारलं. बायको ओट्याशी पाठमोरी उभी होती. तिचे हात थांबले.

"अकराशे शहात्तर," मी म्हणालो.

"दोन वाढलं."

"हो."

तेव्हापासून ते रोज विचारतात. त्यांना वाटतं मी रोज फोन करतो. मी अकराशे एकोणऐंशी सांगितलं, मग ब्याऐंशी, मग चौऱ्याऐंशी, पुन्हा चौऱ्याऐंशी. वहीत यातलं काही लिहिलेलं नाही; वहीतली शेवटची ओळ अकराशे चौऱ्याहत्तरचीच आहे. पण आकडे मला पाठ ठेवावे लागतात, कारण मामा कालचा आकडा विसरत नाहीत.

गेल्या आठवड्यात मी तीन ग्रॅम कमी सांगितले. सारखं वाढतच गेलं तर खोटं वाटेल, म्हणून. त्या दिवशी मामा अर्धी भाकरी ताटात ठेवून उठले आणि दुपारभर, बायकोनं सांगितलं, मुलीच्या खोलीत भिंतीवरच्या त्या काळ्या पट्ट्यासमोर स्टूल टाकून बसले होते.